छपरावरचे कुरव आणि स्थानिक वर्तमानपत्रातली बातमी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की ब्रिटनच्या किनारी गावांतल्या वर्तमानपत्रांत कुरवांच्या, म्हणजे सीगल पक्ष्यांच्या, बातम्या येऊ लागतात. कुणाच्या हातातलं सँडविच पळवलं, कुणाच्या डोक्याला चोच लागली, कुणाला पहाटे चारपासून झोप नाही. ऑगस्ट संपता संपता या बातम्या थांबतात. मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहते. आमच्या चिमणीशेजारी दरवर्षी एक जोडी घरटं करते, आणि गेली काही वर्षं मी या बातम्यांना संपादकांना पत्रं पाठवून उत्तरं लिहिते आहे. इथल्या मराठी घरांतून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते खाली एकत्र केले आहेत.

हे मुंबईत मरीन ड्राइव्हला दिसतात तेच पक्षी का?

नाही, आणि हा फरक समजला की पुढचं बरंच सोपं होतं. मुंबईत हिवाळ्यात येतात ते मुख्यतः काळ्या डोक्याचे आणि तपकिरी डोक्याचे कुरव. ते पाहुणे असतात. त्यांची घरटी दूर उत्तरेला होतात, तपकिरी डोक्याच्या कुरवाची तर थेट लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी. म्हणून एलिफंटाच्या बोटीतून गाठ्या उडवणाऱ्या माणसाने कुरव पाहिलेला असतो, पण पिल्लांची काळजी वाहणारा कुरव पाहिलेला नसतो.

इथे छपरावर असतो तो बहुधा हेरिंग गल. पाठ राखाडी, पाय गुलाबी, पिवळ्या चोचीवर लाल ठिपका, पंख पसरले की जवळजवळ दीड मीटर. पिल्लू त्या लाल ठिपक्यावर टोचा मारून खाऊ मागतं. निको टिनबर्गन यांनी याच सवयीचा अभ्यास केला; पुढे 1973 मध्ये प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी त्यांना नोबेल विभागून मिळालं. पाठ गडद आणि पाय पिवळे दिसले तर तो लेसर ब्लॅक-बॅक्ड गल. तिसरा किटिवेक, लहान चणीचा, मासे खाणारा. चिप्सशी त्याचं काहीही देणंघेणं नाही.

बातमीत मात्र सगळ्यांना एकच नाव असतं : सीगल. त्या नावाची कुठलीही एक जात नाही. तुमच्या पत्रात पक्ष्याचं नेमकं नाव आलं की संपादकाला कळतं की लिहिणाऱ्याने वर मान करून पाहिलं आहे.

समुद्र सोडून छपरावर का येतात?

त्यांच्या दृष्टीने छप्पर म्हणजे कडाच. उंच, कोल्हा पोचत नाही असा, शिवाय थोडा उबदार. कॉर्नवॉलमध्ये छपरांवरच्या घरट्यांच्या नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत, पण खरी वाढ नंतर झाली. तिचं एक कारण नेहमी सांगितलं जातं. 1956 च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर कचरा डेपोंवर कचरा जाळणं कमी झालं, उघड्या डेपोंवर खाणं साचू लागलं आणि कुरव त्यामागे आत आत सरकले. आज ब्रिस्टल आणि बाथसारख्या शहरांतही ते घरटी करतात.

एवढे सगळीकडे दिसतात, मग धोक्यात आलेत असं कसं म्हणता?

स्थानिक बातमीत हाच मुद्दा सर्वांत जास्त निसटतो आणि वाचकाला पटवायला हाच सर्वांत अवघड जातो.

हेरिंग गल 2009 पासून ब्रिटनच्या संवर्धन-यादीत लाल रंगात आहे. ज्यांची सर्वाधिक काळजी करावी अशा पक्ष्यांची ही यादी. किटिवेकही लाल यादीत आहे. कड्यांवरच्या आणि बेटांवरच्या वसाहती घटल्या आणि त्याच काळात शहरात घरट्यांची संख्या वाढली. म्हणजे गावातल्या माणसाला खरोखरच जास्त कुरव दिसतात. तो खोटं बोलत नाही. त्याला फक्त ओस पडलेले कडे दिसत नाहीत, कारण तिथे तो राहत नाही.

पत्रात हे लिहिताना 'तुमचा समज चुकीचा आहे' असं लिहू नका. 'तुम्हाला जास्त दिसतात हे खरं आहे, आणि ते इथे का आले हेही सांगण्यासारखं आहे' अशी सुरुवात करा. आधी होकार दिला की माणूस पुढचं वाक्य वाचतो. त्यावर 2021 पासूनच्या बर्ड फ्लूचीही भर पडली आहे. ब्रिटनच्या समुद्रपक्ष्यांच्या अनेक वसाहतींना त्याने झोडपलं. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नये, सरकारी यंत्रणेला कळवावं.

बातमी वाचून संताप येतो. आधी काय करायचं?

त्या दिवशी काहीच लिहायचं नाही. मी सुरुवातीला संतापून लिहिलेलं लांबलचक पत्र छापून आलं नाही, आणि आज वाचताना ते का आलं नाही हे मला कळतं. त्यात मी कुरवाची बाजू घेतली होती, पण ज्या बाईच्या डोक्याला टाका पडला होता तिच्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी बातमी पुन्हा वाचा, हातात पेन्सिल घेऊन. काय घडलं, ते कोणत्या शब्दांत सांगितलंय, कारण कोणतं दिलंय आणि उपाय कोणता सुचवलाय, हे वेगवेगळं खूण करून पाहा. माझ्या अनुभवात घडलेली गोष्ट बहुतेक वेळा खरी असते. शब्द ताणलेले असतात. कारण बहुधा दिलेलंच नसतं. आणि उपाय म्हणून 'कौन्सिलने काहीतरी करावं' एवढंच असतं. म्हणजे तुम्हाला वाद घालायचा नसतो, राहिलेली जागा भरायची असते.

'हल्ला' हा शब्द चुकीचा नाही का?

दोन अगदी वेगळ्या गोष्टी या एकाच शब्दात कोंबल्या जातात.

एक म्हणजे हातातलं खाणं हिसकावणं. तो भुकेचा आणि सवयीचा मामला आहे, बहुतेक वेळा मागून येतो. दुसरी गोष्ट म्हणजे पिल्लाचं रक्षण. साधारण एप्रिलअखेर ते मे महिन्यात अंडी घातली जातात, बहुधा तीन. चार आठवडे उबवणं, मग पाच-सहा आठवड्यांत पिल्लं उडायला लागतात. याच काळात एखादं पिल्लू छपरावरून खाली अंगणात किंवा फुटपाथवर उतरतं. त्याला नीट उडता येत नाही आणि आईबाप वरून पाहत असतात. खालून जाणाऱ्या माणसाला पिल्लू दिसलेलंही नसतं. त्याला दिसतो तो फक्त अंगावर येणारा मोठा पांढरा पक्षी.

हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आई डोंबिवलीहून आली होती तेव्हा जूनमध्ये आमच्या गल्लीत असाच एक कुरव तिच्या डोक्यावरून गेला. ती घाबरली, मग दारात उभी राहून म्हणाली, 'अगं, याचं पोर असणार इथे कुठेतरी. आपल्याकडे पावसाच्या आधी कावळा टोचतो ना, तसं.' आम्ही पाहिलं तर शेजारच्या गाडीखाली ठिपकेदार तपकिरी पिल्लू बसलं होतं. आपल्या चाळींत, सोसायट्यांत दर उन्हाळ्यात कुणाला ना कुणाला कावळ्याची टोच बसते आणि लोक चार दिवस दुसऱ्या गेटने जातात. इथल्या गावांत ती समज अजून रुजलेली नाही, कारण कित्येक गल्ल्यांत हे शेजारी दोन-तीन पिढ्यांपूर्वी नव्हतेच.

पत्रात 'हल्ला' शब्दावर भांडू नका. ज्याला लागलं त्याच्यासाठी तो हल्लाच आहे. त्याऐवजी क्रम सांगा : आधी मोठ्याने ओरडणं, मग डोक्याच्या जवळून झेप, मग विष्ठा टाकणं, आणि अगदी शेवटी पायाचा किंवा चोचीचा स्पर्श. पहिल्या ओरडण्याला रस्ता बदलला तर पुढचं सहसा घडत नाही. बदलता येत नसेल तर छत्री उघडा किंवा हात डोक्याच्या वर सरळ धरा. वाचकाच्या उपयोगाची ही माहिती असल्यामुळे वर्तमानपत्र ती आनंदाने छापतं.

जखमी झालेल्या माणसाचीच बातमी असेल तर?

मग पहिलं वाक्य त्या माणसाबद्दल. टाळूची जखम छोटी असली तरी भळभळून वाहते, आणि वयस्क माणूस दचकून पडला तर हाड मोडू शकतं. आजोबा आता खिडकी उघडत नाहीत, पोस्टमन एका दारापाशी पार्सल न देता परततो, ही खरी दुःखं आहेत. 'चिप्स रस्त्यावर खायच्याच कशाला' असं कधीही लिहू नका. त्या एका वाक्याने कुरवांची बाजू घेणारे सगळेच निष्ठुर ठरतात.

शक्य असेल तर त्या गल्लीत जा. मी एकदा गेले. आजी चहा देऊन म्हणाल्या की त्यांना कुरव मारायचे नाहीत, त्यांना फक्त कपडे वाळत घालायला अंगण परत हवं आहे. पिल्लू उडायला अजून साधारण किती दिवस आहेत हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. दहा-बारा दिवस, असं कळल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. त्या भेटीबद्दल मी कुठे लिहिलं नाही. पुढच्या बातमीत त्यांनीच तो आकडा सांगितला.

संपादकांना पत्र कसं लिहायचं?

आखूड. दीडशे ते दोनशे शब्द. बातमीची तारीख आणि विषय पहिल्या ओळीत. एकच मुद्दा. शेवटी वाचकाने उद्या करता येईल अशी एक गोष्ट. नाव, पत्ता आणि फोन सोबत द्या. पत्ता छापला जात नाही, पण पत्र खरं आहे का हे पडताळायला लागतो. पत्र इंग्रजीत जाणार असलं तरी आधी मराठीत लिहून पाहा. मनातली गोष्ट आपल्या भाषेत सरळ उतरते, इंग्रजीत आपण नकळत कडक होतो. नमुना असा :

'गेल्या गुरुवारी हाय स्ट्रीटवर एका महिलेला कुरवामुळे दुखापत झाल्याची बातमी वाचली. त्या लवकर बऱ्या होवोत. त्याच टोकाला बेकरीच्या छपरावर या आठवड्यात दोन पिल्लं आहेत. एक वारंवार खाली उतरतं, म्हणून आईबाप चिडलेले आहेत. जुलैअखेर ती उडून जातील. तोवर शक्य असेल तर समोरच्या फुटपाथने जावं, छत्री जवळ ठेवावी. बेकरीने दारात छोटी सूचना लावली तर येणाऱ्याजाणाऱ्याला आधी कळेल. हेरिंग गल हा पक्षी ब्रिटनच्या लाल यादीत आहे आणि त्याचं घरटं कायद्याने सुरक्षित आहे. थोडी माहिती मिळाली तर हे तीन आठवडे सगळ्यांनाच सोपे जातील.'

यात कुणालाही दोष दिलेला नाही, जागा नेमकी आहे आणि मुदत दिलेली आहे. मुदत फार महत्त्वाची. 'सहन करा' आणि 'जुलैअखेरपर्यंत सांभाळा' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बातमीत सरळ चूक असेल तर?

आधी बातमीदारालाच सभ्य ईमेल करा. चुकीचं वाक्य, बरोबर माहिती आणि ती कुठे तपासता येईल, एवढंच. ऑनलाइन बातमी बऱ्याचदा त्याच दिवशी दुरुस्त होते. स्थानिक वर्तमानपत्रात माणसं कमी असतात, एकजण दिवसभरात कित्येक बातम्या करतो. तुमची ईमेल त्याच्या कामाची ठरली तर पुढच्या वेळी तो आधी तुम्हाला विचारेल. यापेक्षा मोठं यश नाही.

दुरुस्ती नाकारली आणि चूक गंभीर असेल तर इप्सो या नियामक संस्थेकडे तक्रार करता येते. सर्व वर्तमानपत्रं तिची सदस्य नाहीत, ते आधी पाहा. तिथे संपादकांच्या आचारसंहितेतलं पहिलंच कलम अचूकतेचं आहे, आणि तक्रार साधारणपणे प्रसिद्धीपासून चार महिन्यांच्या आत करावी लागते. पण कुरवाला 'गुंड' म्हटलं ही तक्रार होत नाही, ते मत आहे. घरटं पाडायला परवानगी लागत नाही असं छापलं असेल, तर ती वाचकाला गुन्ह्यात अडकवू शकणारी चूक आहे. तिथे मागे हटू नका.

कायदा नेमका काय सांगतो?

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये 1981 चा वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायदा सर्व वन्य पक्ष्यांना लागू आहे. पक्ष्याला जाणूनबुजून मारणं, इजा करणं, अंडी घेणं, बांधलं जात असलेलं किंवा वापरातलं घरटं मोडणं हा गुन्हा आहे. परवाना मिळू शकतो, पण त्यासाठी ठोस कारण लागतं. नुसता गोंगाट किंवा घाण हे कारण चालत नाही. इंग्लंडमध्ये 2020 पासून हेरिंग गल आणि लेसर ब्लॅक-बॅक्ड गलसाठी सरसकट परवान्याची सोय राहिलेली नाही, प्रत्येक प्रकरणी वेगळा अर्ज करावा लागतो.

'सगळे मारून टाका' अशी मागणी छापून आली तर काय म्हणावं?

असं वातावरण एकदा राष्ट्रीय पातळीवर तापलं होतं. जुलै 2015 मध्ये कॉर्नवॉलमध्ये एक यॉर्कशायर टेरियर कुत्रा आणि एक पाळीव कासव कुरवांमुळे मेल्याच्या बातम्या आल्या. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी या विषयावर मोठी चर्चा व्हायला हवी असं रेडिओवर सांगितलं. त्याच वर्षीच्या मार्चमधल्या अर्थसंकल्पात शहरी कुरवांच्या अभ्यासासाठी ठेवलेले अडीच लाख पौंड मात्र निवडणुकीनंतर रद्द झाले. म्हणजे आवाज झाला आणि अभ्यासच थांबला. मला आजही याचं वाईट वाटतं.

मारण्याच्या मागणीला उत्तर देताना दयेचा मुद्दा मी शेवटी ठेवते, उपयोगाचा आधी. खाणं आणि जागा तशीच राहिली तर रिकाम्या छपरावर दुसरी जोडी येते. कौन्सिलचे पैसे कचऱ्यावर खर्च झाले तर ते टिकतात. बाथमध्ये कचऱ्यासाठी चोचीने न फाटणाऱ्या, पुन्हा वापरायच्या पिशव्या घरोघरी दिल्या गेल्या. ईस्ट डेव्हनमध्ये किनाऱ्यावर कुरवांना खाऊ घालण्यावर बंदी आणि दंड आहे. अशी उदाहरणं गावांच्या नावांसह द्या.

बातमीदाराला देण्यासारखं चांगलं काय आहे?

भरपूर. फक्त तक्रार करणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा फोन करत नाही.

माझा सगळ्यांत आवडता किस्सा एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांचा. 2019 मध्ये त्यांनी किनाऱ्यावर चिप्सची पिशवी ठेवून कुरव किती वेळात जवळ येतो ते मोजलं. एकदा माणूस त्याच्याकडे टक लावून पाहत होता, एकदा तोंड फिरवून होता. टक लावल्यावर कुरवांनी सरासरी 21 सेकंद जास्त घेतले. आणि 74 पक्ष्यांवर प्रयोग करायला गेले तर बहुतेक जवळ फिरकलेच नाहीत, फक्त 27 जणांनी चिप्सपर्यंत येण्याचं धाडस केलं. म्हणजे हिसकावणारे मूठभर असतात आणि त्यांना नजर कळते. ही बातमी जगभर छापली गेली, कारण ती वाचून माणूस दुसऱ्या दिवशी करून पाहू शकतो.

ब्रिस्टलमध्ये कुरवांच्या पाठीवर छोटे जीपीएस लावून झालेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेच्या मधल्या सुट्टीच्या वेळी ते शाळेजवळ हजर, कचरा केंद्र उघडतं तेव्हा तिथे, सकाळी लवकर बागेत. शाळेला सुट्टीची वेळ बदलायला सांगायची गरज नाही, सुट्टीनंतर अंगण लगेच झाडलं तरी पुरे. एखाद्या शाळेने ते केलं तर ती तुमच्या गावची बातमी आहे, आणि मुलांचा फोटो असला की पान मिळतंच.

न्यूकॅसल आणि गेट्सहेडच्या मधला टाइन पूलही सांगण्यासारखा. 1928 मध्ये खुला झालेल्या या पुलावर आणि आसपासच्या इमारतींवर किटिवेक घरटी करतात, समुद्रापासून सुमारे 13 किलोमीटर आत. समुद्रापासून इतक्या आत असलेली ही त्यांची जगातली सर्वांत दूरची वसाहत मानली जाते. तिथेही विष्ठेच्या आणि वासाच्या तक्रारी आहेत, फुटपाथ धुवावा लागतो. तरी पुलाच्या दुरुस्तीचा आराखडा करताना या पक्ष्यांचा विचार करावा लागला, आणि लोक ते मार्चमध्ये परत आले की वाट पाहिल्यासारखे वर बघतात.

बातमीदाराचा फोन आला तर?

दोन मिनिटं मागून घ्या, मग परत फोन करा. तुम्हाला जे एक वाक्य छापून यायला हवं ते कागदावर लिहा आणि तेच दोनदा म्हणा. शेजाऱ्याचं नाव, घर क्रमांक, घरट्याचा नेमका पत्ता देऊ नका. एकदा छायाचित्रावरून जागा ओळखून कुणीतरी रात्री घरटं उद्ध्वस्त केलं होतं. तेव्हापासून मी घरट्याचा फोटो कधीच देत नाही. कुरवाचा चेहरा जवळून दिसेल असा फोटो देते. चोच उघडून ओरडणारा फोटो त्यांच्याकडे आधीच असतो.

आपल्या मराठी मंडळींनी वेगळं काय करावं?

खायला घालू नये. हे लिहिताना मला जड जातं, कारण पक्ष्याला घास देणं हे आपल्या घरात पुण्य मानलं जातं, पितृपक्षात तर कावळ्याची वाट पाहिली जाते. पण इथे मंडळाच्या सहलीत किनाऱ्यावर पुरी किंवा फरसाण उडवलं की तोच पक्षी दुसऱ्या दिवशी एखाद्या लहान मुलाच्या हातावर येतो, आणि बातमी त्या मुलाची होते.

पिल्लू रस्त्यावर बसलंय. काय करू?

बहुतेक वेळा काहीच नाही. ते अनाथ नसतं, आईबाप वरून पाहत असतात. गाडीचा धोका असेल तर जाड टॉवेलने उचलून जवळच्या शेडवर किंवा झुडपापाशी ठेवा, डोक्यावर छत्री धरून. जखमी असेल तर स्थानिक वन्यजीव बचाव केंद्राला फोन करा.

उन्हाळा संपल्यावर विषय संपला का?

उलट कामाचे महिने तेव्हा सुरू होतात. छपरावर जाळी लावायची असेल तर ती घरटी सुरू होण्याआधी, कुशल माणसाकडून आणि ताणून. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात आणि मग त्याचीच बातमी होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कौन्सिलच्या कचरा समितीच्या बैठकीला जा. स्थानिक लोकशाहीचं वार्तांकन करणारा पत्रकार तिथे बऱ्याचदा बसलेला असतो आणि लोकांच्या प्रश्नाची वाट पाहत असतो. फेब्रुवारीत वर्तमानपत्राला एक छोटा मजकूर पाठवा : यंदा कुरव कधी येतील, पिल्लं कधी उडतील, कोणत्या आठवड्यांत डोकं सांभाळायचं. मी तीन वर्षं पाठवते आहे. गेल्या वर्षी त्यांनी तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छापला, आणि बेकरीच्या दारात सूचना कुणी न सांगता लागली.